कपाळाची ऊब

मंदाला लॅपटॉप दिगंबररावांनीच निवडून दिला होता. दुकानात दोन पडदे शेजारी ठेवून त्यांनी धाकट्या बहिणीला समजावले होते, "कडेला दिवे असलेला हा पडदा घेऊ नकोस, त्यात काळा रंगही राखाडी दिसतो. तो नवा घे. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतंत्र उजळतो, आणि समोरच्या माणसाच्या अंगाची ऊबही पोचवतो."

आज त्याच पडद्यावर ते कण्हत होते. "मंदे, सोमवारी तुझ्या ऑपरेशनला येणारच होतो गं. पण तापानं अंग नुसतं फणफणलंय." मित्रांबरोबरच्या दापोली सहलीची बॅग त्यांनी पायाने टेबलाखाली सरकवली होती.

"अगं बाई! बघू," म्हणत मंदाने, आई बघायची तसा, पडद्यावरच्या त्यांच्या कपाळाला हात लावला.

हात तिथेच थबकला. आपली निवड किती अचूक होती, हे दिगंबररावांना त्या क्षणी उमगले. त्यांची मान खाली गेली. कानांच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढले.

मंदाने हात काढला नाही.

"मघाशी गार होतं, दादा," ती हळूच म्हणाली, "आता मात्र चांगलंच तापलंय. जप हो. माझं मी बघेन."