टपावरच्या तंबूचे तोटे

“शिडी हलते,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत खूण केली.

तंबूवाल्याने घाईघाईने गाडीच्या टपाला टेकवलेली शिडी दोन्ही हातांनी धरली. “खालून कुणी धरली ना, की जरासुद्धा हलत नाही.”

“म्हणजे कुणालातरी धरावी लागते.”

“तशी... हो. लागते.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. तंबूवाल्याला वाटलं, आपण गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं! पण गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

गाडीच्या टपावर बसवायचे तंबू तो आणि त्याची बायको मिळून बनवत. तो सांगाडा जोडायचा, ती कापड शिवायची. दोन वर्षांत नऊ तंबू खपले होते, त्यातले दोन नातेवाइकांनी भिडेखातर घेतलेले. आणि महिन्यापूर्वी या मॅडमचा फोन आला. आमच्या ऑफिसला बारा हवेत, पण आधी एक वापरून बघू, म्हणाल्या. आमच्याकडे जोडपी येतात, त्यांना दोन-दोन दिवस पाठवू.

“सहल कंपनी दिसतेय!” फोन ठेवताच तो बायकोला म्हणाला होता. “नवी नवी जोडपी, हौसेने फिरणारी.” आणि लगेच तिच्याकडून उशांना गुलाबी अभ्रे शिवून घेतले होते.

तीन जोडपी जाऊन आली. आज निकाल होता. बारा तंबू गेले तर कारखाना चालणार, नाहीतर पहिल्या तारखेपासून मेहुण्याच्या दुकानात सीटकव्हरं चढवायला जायचं, असं घरात ठरलं होतं. मेहुणा माणूस चांगला होता. फक्त दिवसातून चारदा “मी तेव्हाच सांगितलं होतं” म्हणायचा.

“फायदेही लिहा ना, मॅडम,” तंबूवाला काकुळतीला येऊन म्हणाला. “खाली चिखल असो, खडे असोत, आपल्याला काय! मुंग्या नाहीत, किडे नाहीत. वर वारा कसला छान लागतो. गादी आतच राहते. कडी काढली की पाच मिनिटांत तंबू उभा!”

“उभा राहतो हो पटकन. मिटायला?”

“वीस मिनिटं.”

“पहिल्या जोडप्याला सव्वा तास लागला.”

“सवय नसते ना.”

“बरं, गादी. अरुंद आहे. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला जाग येते.”

“गाडीच्या टपाएवढीच जागा, मॅडम. मी तरी काय करणार?”

“आणि एकजण उतरायला लागला की सगळी गाडी डुलते. दुसऱ्याला कळल्याशिवाय खाली उतरताच येत नाही.” त्यांनी पान उलटलं. “दुसऱ्या जोडप्यातल्या साहेबांना संध्याकाळी गाडी घेऊन निघायचं होतं. निघता आलं नाही.”

“नाहीच येणार,” तो ओशाळून म्हणाला. “वर बिऱ्हाड मांडलेलं असतं. साधं दूध आणायला जायचं म्हटलं तरी आधी सगळं मिटावं लागतं. तोटा आहे खरा.”

“हं.” पेन वहीवर थांबलं. “आता शेवटचं. एकट्या माणसाला मिटता येतो का हा?”

येतो की, त्यात काय, असं उत्तर त्याने कालपासून घोकून ठेवलं होतं. मॅडम काही इथे मिटून बघणार नव्हत्या. त्याने तोंड उघडलं. कोपऱ्यात चाललेलं शिलाई मशीन थांबलं.

“अहो,” बायको म्हणाली. “खरं काय ते सांगा.”

बायकोचा त्याला असा राग आला! आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

“नाही मिटता येत,” तो म्हणाला. “एकाने इकडून ओढायचं, दुसऱ्याने तिकडून दाबायचं. तेही एकाच वेळी, एक-दोन-तीन म्हणून. जरा मागेपुढे झालं की अडकतो, मग पहिल्यापासून सुरुवात.”

“आमचा रोज अडकतो,” बायको म्हणाली. “दोष यांचा असतो.”

“माझा? तू तीन म्हणायच्या आधीच दाबतेस!”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. त्या हसण्याने त्याला धीर आला. “पण मॅडम, मला महिनाभर द्या. नवी स्प्रिंग बसवतोय. चार महिने तिच्याच मागे आहे. मग एकटा माणूस चुटकीसरशी मिटेल. शिडीला पक्का आधार देतो. गादीही जरा बाहेर काढून रुंद करतो.”

“नको.”

मॅडमनी वही मिटली. तंबूवाल्याच्या डोळ्यांसमोर मेहुणा उभा राहिला, आणि तो बोलायला तोंड उघडतच होता. झालं. संपलं सगळं. बायको मशीनवरून उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“स्प्रिंग बसवायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “शिडीला हात लावायचा नाही. गादी बोटभरसुद्धा वाढवायची नाही. हे सगळं लेखी द्या मला. आणि बारा कधी देताय ते सांगा.”

बायकोने त्याचा दंड एवढा घट्ट धरला की तो कळवळला. पण जित्याची खोड! गप्प बसणं काही त्याला जमलं नाही.

“अहो मॅडम, एवढे तोटे तुम्हीच मोजलेत,” तो म्हणाला. “असा तंबू दिलात तर तुमची जोडपी परत यायची नाहीत!”

“परत येऊच नयेत म्हणून तर पाठवते मी,” मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. “तीन जोडप्यांपैकी दोन जोडप्यांनी घटस्फोटाचा अर्ज मागे घेतलाय.”