जागचं कासव

ही २०२२ सालची गोष्ट. माझी लेक वनमाला हिचे पाय लहानपणीच पोलिओने गेले. धारूरला आमच्या माडीवर खिडकीशी बसून ती मोबाईलवर कोकणातला किनारा राखायची. तिथल्या एका संस्थेने कासवांच्या घरट्यांवर कॅमेरे लावले होते. कुत्रं दिसलं की ही राखणदाराला फोन करायची, "मामा, पळा, आलं बघा!"

फाल्गुनात मामांचाच फोन आला. "ताई, तुम्ही राखलेली पिल्लं समुद्रात सोडायचीत. तुम्ही याच. तुमच्या चाकाच्या खुर्चीसाठी वाळूवर फळ्या टाकल्यात."

वनमालाने पिशवी भरली. पण जिन्यावरून तिला उचलून न्यायला भाऊच लागायचा. नवनाथ म्हणाला, "कासव बघायला इतक्या लांब कशापायी जायचं? आपल्या देवळात हाय की."

"ते दगडाचं हाय, दादा. जागचं हालत न्हाई."

"मग तुला तेच बरं," म्हणून तो हसला आणि जिना उतरून गेला.

पिल्लं तिने मोबाईलवरच जाताना पाहिली. एकही मागे वळलं नाही.

मामा आता थकले, लेकाकडे असतात. वनमाला अजून माडीवरच आहे, नव्या राखणदाराला फोन करून कुत्री हाकलते. नवनाथ देवस्थानचा अध्यक्ष झाला, त्याने देवळाचा जीर्णोद्धार केला. नवी फरशी घालताना ते दगडाचं कासव चौघांनी उचलून बाहेर नेलं. त्या चौघांत एक नवनाथ होता.