झिणझिण्या

दिवे विझलेले होते, तरी टेस्टर पेटला.

मुलीने तो पदराला पुसून दिव्याच्या पत्र्याला पुन्हा टेकवला. पुन्हा पेटला. मागच्या खोलीत रोपांच्या ट्रेंवर चार मोठे दिवे टांगलेले होते. टायमर बंद दाखवत होता, खोलीत काळोख होता, आणि टेस्टरमधला तो लालसर ठिपका काही हटत नव्हता. ती स्टुलावरून उतरली, बाहेर जाऊन मेन स्विच पाडला आणि मगच बोलली.

"आई, हे दिवे तू ओल्या फडक्याने पुसतेस?"

"विझल्यावरच पुसते," आई म्हणाली. "हे दिवे लावले त्या दिवसापासून हाताला झिणझिण्या येतात खऱ्या. म्हटलं, वय झालं, सांधे धरले असतील."

आईने तिला बोलावलं होतं ते झिणझिण्यांसाठी नव्हे. प्लग तापून जळका वास येत होता, म्हणून. बाबा दुपारचे झोपलेत तोवर काय ते करून टाक आणि त्यांना कळू देऊ नकोस, असं ती फोनवर कुजबुजली होती.

कारण काम बाबांनी केलं होतं. वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि रागाच्या बाबतीतही नव्हता. मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली. त्यांच्या दुकानात एक रीत होती. ज्याच्या कामात जिवावर बेतणारी चूक सापडेल, त्याने आपला टेस्टर फळीवर ठेवायचा आणि घरी जायचं. आरडाओरडा नाही, सबबी नाहीत. तिनेही एकदा ठेवला होता. बाबांनी तो कितीतरी दिवस परत दिला नाही. घरी मात्र ताटावर शेजारी बसवून आग्रह करकरून वाढत होते.

तिने टायमरची पेटी उघडली. बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला असेल, एवढीच तिला आशा होती. म्हातारपणी तेवढं चालतं. पण जोड बघत राहावेत असे होते. वायरी एका मापात कापलेल्या, स्क्रू घट्ट आवळलेले, टेपचं टोक बाबांच्या सवयीप्रमाणे दुमडून ठेवलेलं, पुढच्या माणसाला सोडवताना नखं झिजवायला लागू नयेत म्हणून. फक्त टायमर फेजवर नव्हता, न्यूट्रलवर होता. म्हणजे दिवा विझायचा, पण वीज दिव्यापर्यंत येऊन उभीच. अर्थिंगची हिरवी वायर व्यवस्थित कापून, टेप लावून बाजूला गुंडाळली होती. आणि चारही दिव्यांचा भार त्या खेळण्याएवढ्या टायमरवर, पंख्याला लावतात तसल्या बारीक वायरीतून. डोळ्यांनी अधू माणसाकडून असं सुबक काम होत नाही.

"डोळ्यांमुळेच ना गं?" आईने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मग ती कामाला लागली. मेन बोर्डापासून फक्त दिव्यांसाठी जाड वायर ओढली, तिला तिचा वेगळा ब्रेकर दिला, करंट गळला तर आपोआप पडणारा दुसरा ब्रेकर त्याच्या शेजारी. दिव्यांचा भार मोठ्या कॉन्टॅक्टरवर घेतला आणि टायमरकडे त्याला चालू-बंद करण्याएवढंच काम ठेवलं. हिरवी वायर प्रत्येक दिव्याच्या पत्र्याला आवळली. आई दारात उभी राहून आतल्या खोलीकडे कान लावून होती. शेवटी मुलीने मेन चालू केला आणि टायमरची चकती हाताने फिरवली. कॉन्टॅक्टर खट्ट वाजला.

त्या आवाजाने बाबा उठले. चपला घासत आले, उजेडात डोळे बारीक करून त्यांनी पेटी पाहिली, वायरीवरून बोट फिरवलं.

"कॉन्टॅक्टर घातलास. बरं केलंस," ते म्हणाले. "टायमरने नुसता हुकूम सोडायचा. ओझं उचलायला गडी वेगळा हवा."

हे त्यांना येत होतं. सगळं येत होतं. मुलीला वाटलं, आपलंच काही चुकलं असेल, आपणच उलटं वाचलं असेल. तेवढ्यात त्यांनी खाली पडलेलं जुन्या वायरींचं भेंडोळं उचललं. बराच वेळ ते एकेक जोड बघत राहिले. न्यूट्रल बघितला. कापलेली हिरवी वायर बघितली.

"हे कोणी केलं?"

"मी," मुलगी म्हणाली. "मागे मी आले होते ना, बाबा, तेव्हा. घाईत."

बाबांनी टेपचं दुमडलेलं टोक चिमटीत धरलं. एका ओढीत टेप सुटून आली.

"तू टोक दुमडत नाहीस," ते म्हणाले. "जन्मभर ओरडलो, तरी दुमडत नाहीस."

आई घाईघाईने मध्ये पडली. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ, म्हणाली, हल्ली तासाभरात घरी सोडतात. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शर्टाच्या खिशातून त्यांनी आपला टेस्टर काढला आणि रोपांच्या फळीवर, दोन ट्रेंच्या मधे ठेवला. मुलीने तो उचलायला हात पुढे केला, मग मागे घेतला. रीत तिला ठाऊक होती.

बाबांची नजर कडेला वाळत घातलेल्या ओल्या फडक्यावर गेली. तिथून आईच्या हातांवर. ते जवळ आले, तिचा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"झिणझिण्या येत होत्या?"

आईने हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"कधीपासून?"

नातेवाइकांतल्या प्रत्येकाचा वाढदिवस आईला तोंडपाठ होता. कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, तेही.

"मला नाही आठवत," ती म्हणाली.