हाताचे दोनशे

अनिलने गॅरेजमध्ये आलेल्या पांढऱ्या करोलाच्या मागच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं. कान जवळ नेला. मग पोचा आलेल्या जागेवरून सावकाश तळहात फिरवला.

"पत्र्या-रंगाचे दीडशे, हाताचे दोनशे," तो म्हणाला. "रंग सुटला तर एकदा परत आणा, फुकट करून देईन. काम नंबर आल्यावर."

"साडेतीनशे दिरहम?" अरुणने मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हणजे चार हजार तीनशे रुपये. एवढ्याशा पोच्याला? दुरुस्तीला लागतो तो पोलिसाचा कागदसुद्धा मीच आणलाय. दोनशे घे, आणि आज संध्याकाळी गाडी दे. उद्या शुक्रवार, तुमचं बंद."

त्याचा मुलगा रोनित शेजारी मोबाइलवर बोटं चालवत उभा होता. 'हाताचे' हा शब्द कानावर पडला आणि त्याची बोटं थांबली.

हेच शब्द त्याने वीस दिवसांपूर्वी वाचले होते. अल मजाज वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, कॉम्प्युटरवर, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. इंटरनेटवरच्या त्या खेळात जगभरचे हजारो लोक एकाच वेळी खेळत. तिथल्या वाळवंटात गाडीशिवाय चालत नसे, आणि गाड्या विकणारी कंपनी तिथे नव्हती. खेळणाऱ्यांपैकीच कोणी जमिनीतून धातू काढी, सुटे भाग घडवी, गाडी जोडी, किंमत लावी आणि विकी. भिवा नावाच्या एकाने रोनितला लिहिलं होतं : धातूचे दोन लाख, हाताचे तीन लाख. मोडली तर एकदा परत आण, फुकट. नंबर आल्यावर.

पैसे खेळातलेच. तरी रोनितला हसू आलं होतं. खेळात हात कुठून आले? पण त्याने पाच लाख मुकाट भरले होते. सगळेच भरत. बाकीच्यांच्या गाड्या तिसऱ्या शर्यतीत खिळखिळ्या होत, भिवाच्या वर्षभर पळत. चांगल्या धातूसाठी तो पंधरा-पंधरा दिवस थांबे. एखादा भाग मनासारखा उतरला नाही तर तयार गाडी मोडून टाकी, विकत नसे. कोरियापासून ब्राझीलपर्यंतची माणसं त्याच्या यादीत नाव घालून थांबत. रोनितची शर्यत उद्या दुपारी होती, आणि गाडी अजून हातात आली नव्हती.

गॅरेजचा मालक मुनीर काचेच्या केबिनमधून बाहेर आला. "अनिलभाई, ढाई सौ में कर दो. साहब को पहले छोड़ो. खलास." त्याने करोलाच्या काचेवरचा खडूने लिहिलेला दोनचा आकडा तळव्याने पुसला आणि तिथे एक लिहिला. पलीकडच्या जुन्या पिकअपच्या काचेवर एक होता, त्याचा दोन झाला. पिकअपवाला सकाळपासून पत्र्याच्या सावलीत बसून होता. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली.

"दाम आप कम करो, सेठ," अनिल म्हणाला. "काम कम नहीं होगा."

मुनीर हसला आणि अरुणला चहाला आत घेऊन गेला.

रोनित दोन पावलं पुढे आला. "काका, तुम्ही भिवा का?"

अनिलचा हात दारावरच राहिला. त्याने आधी केबिनकडे पाहिलं, मग मुलाकडे. "भिवा माझ्या बापाचं नाव. तू कोण?"

"तुमच्या यादीतला सतरा नंबर. लाल गाडी, मागे पंख."

अनिलच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "रोज विचारतोस, झाली का, झाली का. तो तू होय?"

"आय थॉट तुम्ही इंजिनीअर असाल. सगळे तेच म्हणतात. खेळाच्या फोरमवर तुमच्या वेल्डिंगचे फोटो काढून लावतात, सर."

"वेल्डिंग कसलं, बटण दाबायचं," अनिल म्हणाला. "पण कुठला पत्रा कुठे टिकेल हे बघावं लागतं. ते इथंच शिकलो. दर शुक्रवारी रोल्याच्या बाजारात इंटरनेट कॅफेत जातो, तासाला तीन दिरहम. तेवढं परवडतं."

रोनितने आवाज खाली आणला. "उद्या माझी रेस आहे. टीममध्ये जागा राहणार नाही नाहीतर. प्लीज. एकदाच."

अनिल सरळ उभा राहिला. कमरेचं फडकं काढून त्याने हात पुसले.

"उद्या सकाळी सोळावी होईल. जपानचा माणूस आहे, महिना झाला थांबलाय. दिवस उरला तर मग तुझी." तो थांबला. "इथे कोण पुढे, कोण मागे, ते सेठ ठरवतो. तिथे मी ठरवतो."

रोनितने पिकअपकडे पाहिलं. तिच्या काचेवरचा दोन अजून ताजा होता, खाली पुसलेल्या एकचा पांढरा डाग.

"काका, खडू द्या ना."

अनिलने कानामागचा खडू काढून दिला.

अरुण चहा पिऊन बाहेर आला तेव्हा पिकअपच्या काचेवर पुन्हा एक होता आणि करोलाच्या काचेवर दोन. आकडा मोठा, शाळेतल्या फळ्यावर असतो तसा.

"हे कोणी केलं?"

"मी, बाबा. पिकअप आपल्या आधी आलीय. आपण टॅक्सीने जाऊ, शनिवारी येऊ."

"वेडा आहेस का? अरे, मी बोलून ठरवलंय मालकाशी."

"नंबर आल्यावर," रोनित म्हणाला आणि टॅक्सी बघायला रस्त्याकडे निघाला.

अरुणने अनिलकडे वळून पाहिलं. अनिलचं लक्ष नव्हतं. पिकअपवाला उठून त्याच्या शेजारी उभा होता, आणि अनिल गंजलेल्या दाराला कान लावून, डोळे मिटून, बोटाच्या पेराने पत्रा वाजवत होता.