तामातीचं पदक

क्रीटच्या लढाईत पडलेल्या तामातीचं शौर्यपदक ऐंशी वर्षांनी गावी आलं. मराएच्या, म्हणजे गोताच्या सभाघराच्या, अंगणात, भर दुपारी, सगळ्या माओरी गोतासमोर अधिकाऱ्याने ते त्याच्या लेकीच्या, मेरेआनाच्या हाती ठेवलं.

"फार उशीर झाला, आजी."

"मला काय सांगतोस? त्याला सांग," म्हातारीने बापाच्या फोटोकडे बोट दाखवलं.

ती पोटात असतानाच बाप लढाईवर गेला होता. पदक चौकटीला अडकवून तिने रीतीप्रमाणे फोटोला कपाळ आणि नाक टेकवलं, दोघांचा श्वास एक व्हावा म्हणून.

"मावशी, काच धुरकटवलीस की!" भाची हसली.

मेरेआनाने बाहीने काच पुसली. वाफ जाईना. बोट फिरवलं, तर काच कोरडी.

"बाबा?" तिचा चेहरा उजळला.

काचेमागची वाफ हळूच विरली आणि पुन्हा दाटली.