हजाराच्या वर

मीटरवर नऊशे अठ्ठ्याहत्तर दिसत होते आणि वक्ते ‘रागावर विजय’ या विषयावर बोलत होते.

तपासनीसाने दात आवळले. त्याला हजार हवे होते. बंद सभागृहात माणसांनी सोडलेला श्वास किती साठलाय, ते हे यंत्र सांगायचं. जितका जास्त साठलेला, तितका एकाचा आजार दुसऱ्याच्या छातीत उतरायला सोपा. आकडा सलग वीस मिनिटं हजाराच्या वर राहिला, की हॉलला टाळं. मोजणी होईपर्यंत दारं-खिडक्यांना कुणी हात लावायचा नाही, असा नियम.

या टाळ्यासाठी तो दोन वर्षं थांबला होता. बहिणीचं लग्न याच हॉलमध्ये लागलं. साडेतीनशे पाहुणे, सगळ्या खिडक्या बंद. एखादी तरी उघडा, म्हणून तो मालकाच्या मागे मागे फिरला. मालक म्हणाला, “एसीचा थंडावा पळेल हो. शुभकार्यात कसले वहीम काढताय?” पंधरा दिवसांत घरातली नऊ माणसं अंथरुणाला खिळली. आठ उठली. वडील उठले नाहीत. त्याने चांगली चालू नोकरी सोडली आणि हवा मोजणाऱ्या खात्यात चिकटला. खात्यात सगळे म्हणायचे, पोराला हवेची भारी आवड.

आणि आज नेमके श्रोते कमी. रागावर विजय मिळवायची कुणाला फारशी घाई दिसत नव्हती. त्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला : व्याख्यान फुकट आहे, असाल तसे या.

अर्ध्या तासात दोन रिक्षा भरून नातेवाईक उतरले. मामा जिना चढला की पाच मिनिटं त्याची छाती भात्यासारखी चालायची. त्याला मीटरशेजारची खुर्ची मिळाली. आत्याने हळूच विचारलं, “श्वास नुसता सोडायचा, की घ्यायचाही?”

“दोन्ही, आत्या. दोन्ही.”

सगळ्यांत शेवटी आई आली. तिला बोलावलं नव्हतं. “मला त्या मेल्याचं तोंड बघायचंय,” असं त्याच्या कानात सांगून ती मधल्या रांगेत जाऊन बसली.

हजार दोन. त्याने घड्याळ लावलं. हजार चाळीस. हजार नव्वद. दारात उभ्या मालकाचा चेहरा उतरत गेला. तपासनीसाला तो बघून पोट भरल्यासारखं वाटलं. बाराव्या मिनिटाला वक्ते क्षमेवर आले आणि मामा पेंगायला लागला. आत्याने कोपराने ढोसून त्याला पुन्हा कामाला लावलं.

सोळाव्या मिनिटाला आईच्या मागच्या रांगेतला एक अनोळखी माणूस खोकायला लागला. ओला, खोल खोकला, तोंडावर हात नाही. तो पुढे वाकून तिच्या मानेवरच खोकत होता. आईने नाकाला रुमाल लावला, उठायला गेली आणि लेकाकडे बघितलं.

श्रोते एकेक करून सटकल्यामुळे आकडा हजार चारवर उतरला होता; आणखी एक जण उठला तरी तो हजाराखाली गेला असता. त्याने हातानेच तिला खूण केली, बस.

ती बसली.

मालक धावत आला. “साहेब, त्या म्हाताऱ्या बाईंकडे बघवत नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण एक खिडकी तरी उघडतो.”

मीटरवरून नजर न हलवता तपासनीस म्हणाला, “हात लावू नका. अजून चार मिनिटं.”