डोंगरदिवे नावाची नळी

"मेलेल्या बापाचं रक्त अजून फिरवताय होय!" असं ओरडत डोंगरदिव्यांच्या मुलाने स्टूल उचललं आणि काचेच्या नळीवर घातलं.

नळीला रुग्णाचं आडनाव चिकटवायची प्रयोगशाळेची रीतच नडली; नळीवर 'डोंगरदिवे' आणि आत लाल, एवढंच त्याने पाहिलं होतं. त्याच्या वडिलांची धमनी फुटली कशी, हे शोधायला डॉक्टर मृदुलाबाई हुबेहूब त्या धमनीच्या आकाराच्या काचेच्या नळीतून लाल पाणी सोडत होत्या.

"अरे, रंग आहे तो!" बाई ओरडल्या.

पण दुसऱ्या घावासरशी काच त्याच्याच मनगटात घुसली आणि खऱ्या रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. बाईंनी झेप घेऊन जखमेवर अंगठा रोवला. त्याने मोकळ्या हाताने त्यांच्या थोबाडीत हाणली. ओठ फाटला, अंगठा हलला नाही.

"मार हवं तितकं," त्या म्हणाल्या, "पण हा हात वर धर. तुझ्या वडिलांची धमनी फुटली, तिथवर माझा अंगठा पोचत नव्हता."